पी०१७१ तिसऱ्यांदा आला: चेक इंजिनचा दिवा पुसण्याआधी काय वाचायचं

कल्याणला बहिणीकडे जाऊन येताना कसारा घाट चढला आणि इगतपुरीच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. चार महिन्यांतली ही तिसरी वेळ. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेली, धाव एक लाख दहा हजारांच्या पुढे. पहिल्या वेळी गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०१७१ वाचला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला. साडेचार हजार गेले. दुसऱ्या वेळी दुसऱ्या गॅरेजात थ्रॉटल बॉडी साफ झाली, इंजेक्टर साफ झाले, एअर फिल्टर नवा पडला. दोन्ही वेळा कोड पुसला, दिवा गेला आणि गाडी नाशकात महिनाभर मुकाट चालली. तक्रार केल्यावर पहिल्या मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं होतं: "भाऊ, कोड सेन्सरचा होता, सेन्सर बदलला. आता अजून काय करू?"

कोड सेन्सरचा नव्हताच. गाडीचा कोड वारंवार परत येत असेल तर बहुतेक वेळा घोळ असा असतो की कोडमध्ये जी तक्रार लिहिलेली असते, तिचं नाव वाचून आपण एखादा पार्ट विकत घेतो. मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे मोटर ओव्हरलोडवर ट्रिप झाली म्हणून कुणी ओव्हरलोड रिले बदलून घरी जात नाही, आधी बेअरिंग हाताने फिरवून बघतात. गाडीच्या बाबतीत मात्र मीसुद्धा दोनदा रिलेच बदलला.

आधी कोडची अक्षरं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा भाग, बी बॉडीचा, सी चासीचा म्हणजे एबीएस वगैरे, आणि यू म्हणजे गाडीतले वेगवेगळे मॉड्यूल एकमेकांशी बोलेनासे झालेत. अक्षरानंतरचा पहिला आकडा ० असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखा. १ असेल तर तो त्या कंपनीचा खासगी कोड असतो आणि मोबाइल ॲपने दाखवलेला अर्थ सरळ चुकीचा असू शकतो, कारण ॲप भलत्याच कंपनीची यादी वाचत असतं. त्याच्या पुढचा आकडा विभाग सांगतो: १ म्हणजे हवा-इंधनाचं मोजमाप, २ इंजेक्टरचं सर्किट, ३ इग्निशन आणि मिसिंग (सिलिंडरात इंधन नीट न पेटणं), ४ धुराशी संबंधित जोडसामान, ७ गिअरबॉक्स. पी०१७१ चा शब्दशः अर्थ इतकाच: बँक १ मध्ये मिश्रण पातळ पडतंय, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. चार सिलिंडर एका ओळीत असले की बँक १ म्हणजे अख्खं इंजिनच, उजवी-डावी बाजू शोधत बसू नका.

आणि हे इंजिनला कळतं कुणाकडून? सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या त्याच ऑक्सिजन सेन्सरकडून. म्हणजे पहिल्या गॅरेजने खबर देणाऱ्यालाच बाहेर काढलं.

आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२, म्हणजे बिघाड स्वतः नोंदवून ठेवायची व्यवस्था, एप्रिल २०१३ पासून आलं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट सापडतोच. ब्लूटूथ डोंगल हजाराच्या आत मिळतं. त्यातले बहुतेक ईएलएम ३२७ चिपची नक्कल असतात, काही गाड्यांना जोडलेच जात नाहीत, एबीएस-एअरबॅगचे कोड तर त्यांना दिसतच नाहीत. पण इंजिनापुरतं काम होतं. एक सवय लावून घ्या: काम झालं की डोंगल काढायचं. सॉकेटच्या सोळा नंबरच्या पिनेवर बॅटरीचा प्लस चाव्या काढल्यावरही चालूच असतो आणि आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी ते हळूहळू पीत राहतं.

तिसऱ्या वेळी मी गॅरेजात गेलोच नाही. घोटीला चहाला थांबलो, इंजिन बंद करून इग्निशन ऑन ठेवलं आणि कोड न पुसता आधी फ्रीझ फ्रेम उघडली. कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिन काय करत होतं, याचा तो फोटो असतो. बहुतेक गाड्यांत असा एकच फोटो साठतो आणि कोड पुसला की तोही पुसला जातो. दोन्ही गॅरेजांत नेमकं हेच झालं होतं. दिवा घालवायच्या घाईत पुरावाही गेला.

माझ्या फोटोत होतं: पाण्याचं तापमान ९१ अंश, आरपीएम ३३८०, वेग ५४, लोड ८९ टक्के, शॉर्ट टर्म ट्रिम अधिक १२, लाँग टर्म ट्रिम अधिक १९.

फ्युएल ट्रिम हा आकडा एकदा समजला की अर्धं काम झालं. ठरलेल्या मोजमापापेक्षा इंजिनचा संगणक किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडतोय, ते ट्रिम दाखवतो. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची धडपड, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली सवय. दोन्हींची बेरीज बघायची. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडे-तिकडे चालतं. इ२० पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांत तो काही टक्के वर सरकलेला दिसतो, कारण इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते आणि संगणक जास्त इंधन सोडून ते भरून काढतो. तेवढा बिघाड नाही. पण बेरीज ३१ म्हणजे संगणक एक तृतीयांश जास्त पेट्रोल मागतोय आणि तरी त्याला मिश्रण पातळच दिसतंय.

आता हाच आकडा आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर न दाबता, काय आहे? घरी आल्यावर गरम इंजिनवर पाहिला: अधिक ३ ते ४. कोड पी०१७१ आला की पहिलं उत्तर सगळे एकच देतात, "कुठेतरी हवा ओढतेय". फटीतून शिरलेल्या हवेचा परिणाम आयडलला सर्वांत जास्त दिसायला हवा, कारण तेव्हा इंजिन घोटभर हवेवर चालत असतं. रेस दिली की त्या मानाने फट किरकोळ ठरते. माझ्याकडे उलटं होतं. आयडलला निवांत, घाटात तहानलेली.

इथे आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. फटीतून हवा आली की मिश्रण पातळ पडतं, हे खरं आहे ते एमएएफ सेन्सरवाल्या गाड्यांसाठी. त्यात येणारी हवा तोंडाशी मोजली जाते आणि फटीतली हवा मोजणीतून सुटते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतोच. तिथे मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला, दाब मोजतो. फटीतून आलेल्या हवेनेही दाब वाढतो, संगणक त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो, आणि लक्षण दिसतं ते चढलेल्या आयडलचं, पातळ मिश्रणाचं नव्हे. म्हणून आधी बॉनेट उघडून आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते बघा, मग नळ्या चाचपा. (फट शोधायला उदबत्तीचा धूर फिरवणारे जुने लोक आहेत. सीएनजी गाडीच्या बॉनेटखाली पेटती उदबत्ती घेऊन जाऊ नका, एवढंच म्हणतो. साबणाचं पाणी किंवा गॅरेजातलं धुराचं मशीन वापरा.)

मॅप सेन्सर स्वतःच खोटं बोलत असेल तर? त्याची परीक्षा फुकटात होते. इंजिन बंद, इग्निशन ऑन, आणि ॲपमध्ये मॅपचा आकडा वाचा. इंजिन फिरत नसताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाएकशे मीटर उंच, त्यामुळे इथे साधारण ९४. माझा ९४ आला. नाशकात उभ्या गाडीत १०१ किंवा ८५ दिसत असेल तर सेन्सर, त्याची अर्थिंग किंवा कपलर यांच्यावर संशय घ्या. बसवलेल्या ॲपमध्ये मुंबईचा आकडा नॉर्मल म्हणून दिलेला असतो, तेवढ्यावर घाबरू नका.

आता माझ्या किटचा उपयोग झाला. गाडीत दोन इंधनं असणं हे निदानाच्या दृष्टीने वरदान आहे आणि नाशकात इतक्या सीएनजी गाड्या असून ही चाचणी कुणी करताना दिसत नाही. हवेचा मार्ग तोच, ऑक्सिजन सेन्सर तोच, प्लग-कॉइल तेच, सायलेन्सर तोच. बदलतं फक्त इंधन. मग एकाच चढावर, एकाच गिअरात, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर ट्रिम वाचायचा. दोन्हीकडे सारखाच बिघडलेला असेल तर दोष सामायिक भागात आहे. एकाच इंधनावर बिघडत असेल तर त्या इंधनाच्या वाटेवर.

रविवारी सकाळी भाच्याला शेजारी बसवून मोबाइल त्याच्या हातात दिला. विल्होळीच्या पुढे मुंबई-आग्रा रस्त्याला रहदारी कमी असताना तिसऱ्या गिअरात, पाय बऱ्यापैकी दाबून. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, म्हणून दुसरा माणूस हवाच. पेट्रोलवर बेरीज तिसाकडे. गॅसवर टाकलं तर भाचा ओरडला, "मामा, लाँग टर्म अजून १९ च आहे!" असं होणारच. लाँग टर्म ही सवय, ती लगेच सुटत नाही. "शॉर्ट टर्म किती?" "उणे १५." बेरीज अधिक ४. म्हणजे गॅसवर इंजिन ठणठणीत, संगणक उलट शिकवलेलं जास्तीचं इंधन कापत होता. ऑक्सिजन सेन्सर, मॅनिफोल्ड, सायलेन्सरची गळती, सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले.

आणि महिनाभर दिवा का लागत नव्हता, तेही इथेच उलगडलं. शहरात मी कायम गॅसवर. घाटात गॅसवर गाडी ओढत नाही म्हणून फक्त तिथेच पेट्रोलवर टाकतो. शिवाय असे कोड पहिल्याच खेपेला दिवा लावत नाहीत. पहिल्या फेरीत कोड पेंडिंग म्हणून नोंदवला जातो, पुढच्या फेरीत तीच तक्रार पुन्हा आली तर पक्का होतो आणि दिवा लागतो. माझ्या बाबतीत एकदा वणीचा गड, मग कसारा. समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून बोगद्यातून गेलो असतो तर कदाचित आणखी दोन महिने कळलंही नसतं. टोल वाचवायच्या नादात निदान झालं म्हणायचं.

उरला पेट्रोल पंप, जाळी, नळी. हे मोजायला प्रेशर गेज लागतो आणि पेट्रोलची लाइन उघडावी लागते, म्हणून ते घरी केलं नाही. वडाळा नाक्याकडे एक चाचा आहेत, जुने कार्ब्युरेटरवाले. स्कॅनरला ते हात लावत नाहीत, पण गेजवर त्यांचा विश्वास. मी त्यांना कोड सांगितलाच नाही. म्हटलं, "चाचा, गॅसवर ठीक आहे, पेट्रोलवर स्लोला ठीक आहे, चढावर पेट्रोल कमी पडतंय." ते हसले. "मग सेन्सरवाल्याकडे कशाला गेला होतास?"

इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलच्या आधी टी-जोड टाकून गेज जोडला. उभ्या गाडीत काटा ३ बारवर, माझ्या इंजिनला हवा तेवढाच. रेस दिली तरी ३. इथेच लोक पंपाला पास करतात. उभ्या गाडीत रेस दिल्याने इंजिनवर भार येत नाही, पेट्रोल फार लागतच नाही. चाचांनी गेज बाहेर वायपरखाली, काचेवर बांधला (गेज केबिनमध्ये कधीही आणायचा नाही, पेट्रोलची नळी आहे ती) आणि गाडी चढावर नेली. काटा १.८ वर आला.

मागचं सीट उचलून पंपाचा संच बाहेर काढला. जाळी काळ्या चिखलाने माखलेली. दोन वर्षं मी पेट्रोलची टाकी शेवटच्या काडीवर ठेवत होतो, "गॅसवरच चालते, पेट्रोल कशाला भरायचं" म्हणून. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, आणि काही किटमध्ये गॅसवर चालतानाही तो फिरत असतो. तळाशी उरलेला गाळ ओढत, अर्धा कोरडा, तो दोन वर्षं फिरला. पंप आणि जाळी मिळून तीन हजार आठशे, मजुरी वेगळी. आता टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देत नाही.

कॉलनीत ही गोष्ट पसरल्यावर संध्याकाळी लोक डोंगलसाठी येऊ लागले, त्यातल्या परत-परत येणाऱ्या काही कोडांबद्दल थोडं.

पी०११३, येणाऱ्या हवेच्या तापमानाचा. ॲपमध्ये तापमान उणे ४० दिसतं. नाशकात उणे ४० म्हणजे तार तुटलीय किंवा कपलर सुटलाय, कारण अशा सेन्सरचं सर्किट उघडं पडलं की तोच आकडा दिसतो. कपलर काढून त्याच्या दोन पिना बारीक वायरने जोडा. आकडा उडी मारून शंभराच्या वर गेला तर वायरिंग आणि संगणक ठीक, सेन्सर गेला. हललाच नाही तर सेन्सर विकत घेऊ नका, तार शोधा. शेजाऱ्यांच्या गाडीत उंदराने कुरतडली होती, पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब मिळते त्याला. दोन पिनांच्या पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरलाही हीच युक्ती चालते. तीन पिनांच्या सेन्सरला मात्र नको, त्यात पाच व्होल्टची सप्लाय असते आणि चुकीच्या पिना जोडल्या तर भलताच खर्च निघतो.

पी०१२८ निफाडच्या एका गाडीत दर डिसेंबरात येतो. इंजिन वेळेत गरम होत नाही, अशी ती तक्रार. तिथली थंडी तुम्हाला माहीतच आहे, पण दोष थंडीचा नव्हे. कधीतरी गाडी गरम होते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला होता. उन्हाळ्यात ते खपून गेलं. थर्मोस्टॅट परत बसवा, आणि तेव्हा गाडी का गरम होत होती तेही बघा.

पी०३०० ते पी०३०४ हे मिसिंगचे. शेवटचा आकडा सिलिंडरचा, ० म्हणजे कुठलाही ठरावीक नाही. पी०३०२ आला तर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर घाला. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. वॉशिंग सेंटरवर इंजिन धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी आला असेल तर आधी प्लगच्या खोबणीतलं पाणी काढा, बाकी काही करू नका. गॅसवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून घासलेला प्लग पेट्रोलवर तग धरतो आणि गॅसवर मिसिंग मारतो. दिवा लागून न राहता लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असतं, आणि त्याची किंमत चार कॉइलपेक्षा फार जास्त आहे.

एकदम सहा-सात कोड, त्यात यूवाले, आणि एकमेकांशी काही संबंध नाही? बॅटरी आणि अर्थिंग. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत.

डिझेलवाल्यांचा पी२४६३, डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, ती साठल्याचा. गंगापूर रोड ते शाळा आणि परत, एवढंच चालणाऱ्या गाडीत तो येणारच, काजळी जाळायला फिल्टर सहाशे अंशांच्या घरात तापावा लागतो. फक्त डीपीएफचा दिवा असेल तर सिन्नरच्या रस्त्याला अर्धा तास एका वेगात चालवून बघा. चेक इंजिनही लागला असेल आणि गाडी ओढत नसेल तर तो प्रयोग नको, थेट सर्व्हिसला न्या.

शेवटी पुसण्याबद्दल. कोड पुसला की शिकलेले ट्रिमही पुसले जातात आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. म्हणून दिवा विझल्याने काही सिद्ध होत नाही. ज्या परिस्थितीत कोड आला होता तीच परिस्थिती पुन्हा द्यायची आणि पेंडिंगची यादी वाचायची. पंप बदलल्यावर मी मुद्दाम पेट्रोलवरच दोन घाट केले, वणी आणि कसारा, आधीच्याच क्रमाने. इगतपुरीला थांबून पाहिलं: लोड ९० टक्के असताना ट्रिमची बेरीज अधिक ५, पेंडिंगची यादी रिकामी. पहिल्या गॅरेजने काढून दिलेला जुना ऑक्सिजन सेन्सर घरी आल्यावर परत लावून बघितला. अधिक ५ च.